मी उभी म्हणजे लाईन बंद

"साहेब, लाईट गेली की तुमचं नेट पण जाणार का?"

विचारलं एकदाचं. विचारलं म्हणजे काय, बुटकीने पाठीत बोट खुपसलं होतं आणि चष्मिस कानात कुजबुजली होती, "विचारलंस तर तू खरी भोंगा. नाही विचारलंस तर उद्यापासून तुझं नाव पिपाणी." पिपाणी म्हणवून घ्यायची माझी अजिबात तयारी नव्हती. उठले आणि ज्या आवाजामुळे मला भोंगा म्हणतात त्या आवाजात विचारून मोकळी झाले.

शाळेच्या पटांगणात सगळं गाव बसलेलं. पुढे टेबल, टेबलावर एक पांढरी पेटी, तिला दोन शिंगं. पेटीवर हात ठेवून केबलसाहेब सांगत होते की आता घराघरात असं नेट येईल की बोट लावायच्या आत चित्र पुढ्यात. तेवढ्यात माझा प्रश्न. मग गिरणीवाला फिस्सकन हसला, आणि मग सगळेच. आमच्याकडे लाईट पाहुण्यासारखी येते आणि जावयासारखी रुसून जाते, हे शेंबड्या पोरालाही माहीत.

केबलसाहेबही हसले. "हुशार आहे पोरगी. कुणाची?"

"खांबवाल्याची," कुणीतरी म्हणालं.

त्यावर पुन्हा हसू आलं, पण ते जरा वेगळं होतं. खांबवाल्याची पोरगी आणि साहेबाला प्रश्न विचारते, असं. बाबा पार मागे भिंतीला टेकून उकिडवे बसले होते. त्यांनी मान खाली घातली. कान तेवढे लाल झालेले मला लांबून दिसले.

"हे बघ," साहेब म्हणाले, "या पेटीला फक्त लाईट लागते. ती कुठून आली याच्याशी तिला काही घेणं-देणं नाही. बॅटरी लावा, जनरेटर लावा, नेट चालू."

"शाळेचा जनरेटर आहे की!" आमचे कॉम्प्युटरचे सर ताडकन उठून म्हणाले. टाळ्या पडल्या. सरांना टाळ्या, म्हणजे अर्ध्या माझ्याच, असं मी बुटकीला सांगितलं.

*

केबल ओढायचं काम आमच्या घराकडे होतं. म्हणजे बाबा खांबावर चढायचे, आई खाली शिडी आणि दोर सांभाळायची, आणि मी टाकीवर उभी राहायची.

हे उभं राहणं नीट सांगायला हवं, कारण लोकांना वाटतं त्यात काय एवढं.

केबल जाते लाईटच्याच खांबांवरून. वर उघड्या तारा, त्यांच्या खाली हातभर जागा सोडून केबल खांबाला धरून ठेवणारा क्लॅम्प आवळायचा. तेव्हा तारांत लाईट असली तर माणूस उरत नाही. म्हणून आधी सबस्टेशनला फोन करून लाईन बंद घ्यायची. पण फोनला रेंज गावात एकाच ठिकाणी, पाण्याच्या टाकीच्या सगळ्यात वरच्या कठड्यावर. तिथून खांब दिसतात, पण हाक पोहोचत नाही. मग बाबांनीच ठरवलं होतं: मी कठड्यावर उभी असले की लाईन बंद, हात लावायचा. मी खाली बसले की हात काढायचा आणि उतरायचं.

"हात हलवला तर दिसत नाही, दमतो पण," बाबा म्हणाले होते. "माणूस उभं आहे का बसलंय ते कुठूनही कळतं."

सबस्टेशनवर एक काका होते. त्यांना मी कधी बघितलं नव्हतं, नुसता खोकल्यासकट आवाज माहीत. ज्याने लाईन मागितली त्यानेच ती परत द्यायची, हा त्यांचा कायदा. "भोंगा, तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय मी खटका वर करणार नाही. साहेब बोलला तरी नाही, साहेबाचा साहेब बोलला तरी नाही." मी म्हणायची, "काका, आवाज बसला तर?" ते म्हणायचे, "मग गाव अंधारात बसेल."

तर माझं काम फक्त उभं राहायचं. उन्हात. लोखंडी जाळीवर, जी चपलेतून तळव्याला भाजते. वारा असा सुटलेला की केस तोंडात, धूळ डोळ्यांत. पाणी कमी प्यायचं, कारण खाली जायचं झालं तर बाबांना आधी उतरवावं लागतं. आणि सारखं बघत राहायचं. बाबा शिडीवरून खांबावर गेले, पट्टा खांबाभोवती टाकला, मागे रेलले, की मी कठडा घट्ट धरायची. रोज. मी वर्गात कुणाला घाबरत नाही हल्ली. पण टाकीवर मी पुटपुटत असायची, काहीही, पाढे, कविता, बुटकीच्या मावशीच्या लग्नातला मेनू. पुटपुटणं थांबलं तर काहीतरी होईल असं वाटायचं.

*

सुट्टीचा दिवस होता. शाळेपर्यंतची केबल आदल्या दिवशीच जोडून झाली होती. आता आमच्या बाजूची गल्ली उरली होती.

सकाळी आई दारात बसून दोर तपासत होती. वीत वीत पुढे सरकवत, दोन्ही अंगठ्यांनी दाबत. बाबा पट्ट्याला तेल लावत होते.

"अहो, ते बक्कल सैल झालंय."

"तुझ्या डोळ्याला सगळंच सैल दिसतं."

"नवरा सोडून सगळं," आई म्हणाली. बाबा हसले. मी दप्तरातला आरसा बघून केस बांधत होते.

"आज सर शाळेत नेट चालू करून दाखवणारेत," मी म्हटलं. "सगळ्या जाणार. मीच नाही."

"मग जा," आई म्हणाली. "मी खांबाखाली पण उभी राहते आणि टाकीवर पण."

"तसं नाही म्हटलं मी."

"मग कसं म्हटलं?"

मी फोन घेतला आणि टाकीकडे निघाले. पण मनातून वाटत होतं खरं. चष्मिस आणि बुटकी नेट बघणार पहिल्यांदा, आणि ते आणणाऱ्या घरातली मी टाकीवर.

गल्लीच्या तोंडाशी, गिरणीसमोरच्या खांबावर एक पिवळा बल्ब आहे. तो कुणी कधी बंद करत नाही, दिवसाढवळ्या जळत असतो. मी काकांना फोन लावला, काका म्हणाले "केली बंद," आणि तो बल्ब विझला. मी उभी राहिले. लांब खांबाखाली आईने मान वर केली, मला बघितलं, बाबांना काहीतरी म्हणाली. बाबा चढले.

पहिले काही खांब झाले. मग ऊन डोक्यावर आलं आणि माझ्या पोटरीत गोळा आला. असा आला की डोळ्यांपुढे काजवे. मी पाय झटकला, कठडा धरला, ओठ चावला, पण शेवटी फतकल मारून बसलेच.

तिकडे आई ओरडलेली दिसली. बाबांनी चटका बसल्यासारखे हात काढले आणि सरसर खाली आले. मग खाली सगळ्यांची डोकी माझ्याकडे. केबलसाहेब गाडीतून उतरून टाकीखाली आले.

"काय झालं?"

"पायात गोळा आला," मी वरून सांगितलं.

साहेबांनी बाबांकडे बघितलं. बाबा पळत आले होते, छाती भात्यासारखी हलत होती. "पोरीबाळींचा खेळ आहे का हा? अशाने आठवडा जाईल. तिकडे शाळेत लोक वाट बघतायत, इकडे ही बसते."

साहेबांसमोर बाबा बोलतच नाहीत, फक्त हाताने शर्टाची बाही खाली ओढतात. साहेब गेल्यावर मला म्हणाले, "अंगठा वर ओढ. हां. चोळ आता. दमलीस तर बस थोडी, मी खालीच आहे."

"आता नाही बसणार," मी म्हटलं. मला रडू येत होतं साहेबांच्या बोलण्याचं.

बाबा परत खांबाकडे गेले. मी पोटरी चोळली आणि उठून उभी राहिले. बाबा पुन्हा चढले.

*

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं, पण क्रमाने आठवतं.

वारा खांबांकडून माझ्या अंगावर येत होता. मी पुटपुटत होते. सहज गिरणीसमोरच्या बल्बकडे नजर गेली.

बल्ब लागला होता.

नेहमीसारखा पिवळा नाही. आतली तार नुसती लालसर झालेली, विझत आलेल्या निखाऱ्यासारखी. मधूनच जरा उजळायची, परत मंद व्हायची.

मी फोन लावला. बोटं घामाने घसरत होती. "काका, लाईन सोडली?"

"नाही गं."

"इथे बल्ब लागलाय."

"ऊन चमकत असेल त्याच्यावर. खटका माझ्या डोळ्यांसमोर आहे, खाली आहे. तुझ्याशिवाय सोडेन का मी?"

मी बसले. पाय मोडून पडल्यासारखी धाडकन बसले आणि बाबांकडे बघितलं.

आईने मला बघितलं. तिने दोर हलवला, तोंड वर करून काहीतरी बोलली. बाबांनी मान वळवली. माझ्याकडे बघितलं सुद्धा. आणि परत वळून पान्याला लागले.

बाबा काय म्हणाले होते ते आईने मला नंतर सांगितलं. म्हणाले होते, "परत गोळा आला असेल. बसू दे बिचारीला. साहेब बोलायच्या आत एवढा एक नट पिळतो."

मी ओरडले. माझा आवाज, ज्याला सगळी शाळा घाबरते, तो आवाज. वाऱ्याने तो तोंडातूनच मागे नेला. उठून हात हलवावेत असं अंगात आलं, पण उठायचं कसं? उठले तर लाईन बंद! उठले तर हात लावा! मी आडवी झाले. जाळीवर पालथी पडून हात आपटले.

बाबांचा हात वर गेला. क्लॅम्पच्या वर, जरासाच, पाना वळवायला.

मग ते एकदम ताठ झाले. मग सुटले. पाना खाली पडला, तो पडताना चमकला. बाबा पट्ट्यावर मागे लोंबकळले, डोकं खाली, एक हात लोंबता. कुठलाच आवाज मला आला नाही. नुसतं चित्र.

बल्ब विझला.

आई दोन्ही हातांनी शिडीकडे झेपावली आणि शिडीला हात लागायच्या आत थांबली. कशी थांबली असेल? मी असते तर थांबले नसते. ती थांबली आणि तिने मान वळवून टाकीकडे बघितलं.

माझ्याकडे बघितलं. उभी राहतेस का, विचारत होती.

अजूनही कधीकधी जेवताना मला ती तशी दिसते. तोंड उघडं, शिडीपासून बोटभर अंतरावर हात.

"काका, बंद आहे का?" मी फोनवर विचारलं.

"बंद आहे बाळा. काय झालं? बंद आहे, शपथ."

पण मघाशीही बंदच होती. बंद असताना बल्ब लागला होता. आत्ता विझलाय, पण परत लागणार नाही हे कुणी सांगायचं? मी उभी राहिले तर आई वर जाईल. बाबांना धरेल. आणि तेव्हाच लाईट आली तर दोघंही जातील. नाही उभी राहिले तर बाबा असेच लोंबकळत राहतील.

आणि मला ते ऐकू आलं. मागून, शाळेच्या बाजूने. घर्रर्र... थप. घर्रर्र... थप. कुणीतरी दोरी ओढून जनरेटर चालू करायला बघत होतं. चालू होता, दमून बंद पडला होता, आणि परत चालू करत होते.

मला त्या क्षणी मेन स्विच, वायर काही कळलं नाही. ते सगळं नंतर. तेव्हा एवढंच कळलं की बल्ब आणि तो आवाज एकच आहेत.

मी हातांवर रेटून बसले आणि बसल्या बसल्याच गरकन वळले. शाळेकडे तोंड केलं. आता वारा माझ्या पाठीशी होता.

"जनरेटर बंद करा!"

इतक्या जोरात मी आयुष्यात ओरडले नव्हते. घशात काहीतरी फाटल्यासारखं झालं.

"ओढू नका! बाबा खांबावर आहेत! बंद करा!"

घर्रर्र थांबलं. शाळेच्या दारातून चष्मिस पळत बाहेर आली, टाकीकडे बघायला लागली. मी ओरडले, "वायर काढ! जनरेटरची वायर काढ!" ती आत पळाली. मला वाटलं ती येतच नाही आता. मग आली. हातात काळी वायर, पार ओढून काढलेली, लोंबती. तिने ती डोक्यावर धरून दाखवली.

तेव्हा मी उभी राहिले.

*

आई वर गेली. पट्टा नाही, काही नाही, चप्पल खाली टाकून गेली. बाबांच्या काखेतून दोर घातला, दात लावून गाठ ओढली, आणि गिरणीवाल्याला म्हणाली, "सोड, हळू, हळू सोड." गिरणीवाला आणि साहेब दोघे दोर धरून होते. साहेबांच्या पांढऱ्या शर्टाला दोराचं तेल लागलं. मी टाकीवर उभी होते. हलले नाही. ती खाली उतरेपर्यंत मला हलायचंच नव्हतं.

बाबा जिवंत होते. तळहाताला भोक पडल्यासारखी जखम, कोपराजवळ दुसरी, काळी. गाडीत घालताना त्यांनी डोळे उघडले आणि पहिलं वाक्य काय बोलले तर, "पोरगी का बसली होती?"

दवाखान्यात ठेवलं, मग घरी पाठवलं. डॉक्टर म्हणाले, यंत्र फार मोठं नसावं, गावाचा भार पेलला नाही म्हणून लगेच दमलं, नाहीतर... उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत. डाव्या हाताने पेला धरला तरी पाणी हिंदकळतं. बाबा म्हणतात, "पेलाच पातळ आहे." आई त्यांना अर्धाच पेला भरून देते.

लोक बघायला यायचे. दारात उभे राहून "कसं काय झालं हो" म्हणायचे, आणि मग थोडं थांबून, "मग आपल्या गल्लीचं नेट कधी?" एक आजोबा तर हाताकडे न बघता सरळ खांबाकडेच बघत बोलले. बाबा प्रत्येकाला म्हणायचे, "होईल, होईल." जसं काही त्यांनीच उशीर केलाय.

चष्मिस आणि बुटकी आल्या. चष्मिसने सगळं सांगितलं. लाईट नव्हती, सगळे खोळंबले होते, सरांनी जनरेटर काढला. लाईटच्या मेन बोर्डापर्यंत वायर पुरेना, म्हणून दोन्ही टोकांना पिन असलेली वायर घेऊन एक टोक जनरेटरला आणि एक भिंतीच्या सॉकेटला लावलं. म्हणजे शाळेचे सगळेच पंखे, दिवे, कॉम्प्युटर लागतील. शाळा बाहेरच्या तारांपासून तोडणारा मेन स्विच खाली करायचा राहिला. आणि सगळी लाईट भिंतीतून मीटरमध्ये, मीटरमधून तारांत, गल्लीत, बाबांपर्यंत.

"पेटीचा हिरवा दिवा लागला तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या," ती म्हणाली. मग चष्मा काढून पुसत राहिली.

"लागलं का पण नेट?" मी विचारलं.

"हो," बुटकी म्हणाली. "असलं फास्ट आहे ना..." आणि तिने जीभ चावली.

मला हेवा वाटला. बाबा आत कण्हत होते आणि मला हेवा वाटला. माणूस कसा असतो बघा.

*

सर आले. खुर्चीच्या टोकावर बसले. आईने चहा दिला, त्याच्यावर साय धरली तरी त्यांनी कप उचलला नाही.

"सबस्टेशनवाल्यांनी चुकून सोडली असणार," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "त्यांची चौकशी व्हायला हवी. साहेबही तेच म्हणतायत."

काकांची चौकशी? मी तोंड उघडलं, तेवढ्यात खाटेखाली बाबांच्या पायाने माझा पाय दाबला.

"चालायचंच," बाबा म्हणाले.

"सर," मी म्हटलंच, "त्या दिवशी जनरेटर..."

सरांनी वर बघितलं. मला वाटलं होतं रागावतील. पण ते घाबरले होते. त्यांचा गुडघा टकटक हलत होता, मुलासारखा. "उद्या वरचे अधिकारी येणार आहेत नेट बघायला," ते घाईने बाबांना म्हणाले. "मोठा कार्यक्रम आहे. गल्लीचं कामही साहेबांना उद्याच संपवायचंय. लाईट नसली तरी नेट चालूच दिसलं पाहिजे, असं साहेबांचं म्हणणं. म्हणजे जनरेटर लावावाच लागेल."

"मेन स्विच खाली करून ना, सर?" मी विचारलं.

"बघू ना. आमचा शिपाई बघेल ते," सर म्हणाले आणि उठले. चहा तसाच.

ते गेल्यावर बाबा म्हणाले, "बोलायचं नाही. ते सर आहेत. तुला अजून त्यांच्यासमोर बसायचंय."

"आणि काकांचं काय?"

"कोण काका?"

"सबस्टेशनचे. त्यांनी सोडलीच नव्हती लाईन."

बाबांनी भिंतीकडे तोंड केलं.

त्याच दुपारी केबलसाहेब आले. गाडीतून न उतरताच बोलले. खांब थोडेच उरलेत. उद्या झाले तर ठीक, नाहीतर दुसरी टोळी बोलावतो, आणि मग पुढच्या गावांचं कामही तीच करेल.

बाबा दारात आले, बँडेजचा हात पाठीमागे लपवून. "साहेब, थोडे दिवस..."

"थोडे दिवस कुठून आणू मी?"

"मी चढते," आई म्हणाली.

ती भांडी घासत होती. हाताला राख. उठलीसुद्धा नव्हती.

साहेब हसायला गेले, पण तिचे दंड बघून थांबले. इतकी वर्षं दोर ओढून ते दंड कसे झालेत ते आम्हाला माहीत. "जमेल?"

"त्या दिवशी चढले ते काय होतं?"

साहेबांनी गाडी चालू केली. "सकाळी लवकर," म्हणाले.

*

संध्याकाळी दारापुढे आईला पट्टा बांधून बघणं चाललं होतं. बाबांचा पट्टा तिला मोठा होत होता, म्हणून खिळा तापवून चामड्यात नवं भोक पाडलं. जळक्या चामड्याचा वास घरभर झाला. बाबा डाव्या हाताने शिकवत होते. "मागे रेलायचं. खांबाला मिठी मारायची नाही. पट्ट्यावर भरवसा ठेवायचा. आणि क्लॅम्पच्या वर हात न्यायचा नाही, काही झालं तरी."

"तुम्ही नेलात तो?" आई म्हणाली.

बाबांनी बक्कल ओढून बघितलं. मग म्हणाले, "पोरगी बसली की उतरायचं. विचार करायचा नाही. गोळा आला असेल, दमली असेल, काही म्हणायचं नाही. उतरायचं."

"मी तेव्हाही तेच म्हणत होते."

"म्हणत होतीस."

आईने शेजारच्या झाडाला पट्टा टाकला आणि मागे रेलली. पाय बुंध्याला, अंग हवेत. बक्कल करकरलं. मला आई दिसत नव्हती, तिचं डोकं खाली लोंबकळलेलं दिसत होतं. आणि टाकीची जाळी. आणि मी उभी, उन्हात, शहाण्यासारखी उभी, लाईन बंद लाईन बंद सांगत, आणि पाठीमागे शाळेत कुणीतरी दोरी ओढतंय. वारा उद्या कुठल्या बाजूचा असेल, कुणाला माहीत?

"उद्या पाणी बेताचं पी," आई मला म्हणाली. "आणि पोटरीला आत्ताच तेल लाव."

"मी टाकीवर उभी राहणार नाही," मी म्हटलं.

आई झाडावरून सरळ झाली. बाबांनी माझ्याकडे बघितलं.

"घाबरलीस?" आईने विचारलं. रागाने नाही.

"हो. खूप." माझा आवाज बारीक आला. मी घसा साफ केला. "पण त्याच्यामुळे नाही. टाकीवर बाबा उभे राहतील. हात गेलाय, पाय धड आहेत. काकांना आवाज ओळखीचा लागतो, तर मी आत्ताच जाऊन त्यांना फोन करते, की उद्या लाईन बाबांच्या तोंडून मागणार आणि बाबांच्याच तोंडून परत देणार. आणि चौकशी झाली तर मी काय बघितलं ते सांगणार, हेही त्यांना सांगते."

"आणि तू कुठे असशील?" बाबा म्हणाले.

"शाळेत."

"कार्यक्रमाला?" आईचा आवाज चढला. "मी खांबावर आणि तू..."

"जनरेटरवर बसणार आहे मी," मी म्हटलं, आणि आता आवाज माझा मला सापडला, पार गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल, जाऊ दे. "सकाळी शाळा उघडली की आधी मेन स्विच खाली करणार, आणि मग जाऊन त्या यंत्रावर बसणार. पाहुण्यांना नेट दिसो नाहीतर न दिसो. सर आले तरी उठणार नाही, साहेब आले तरी नाही. का बसलीस विचारलं, तर सगळ्यांसमोर सांगणार का बसले ते. आई, तू खाली उतरून, पट्टा सोडून, शाळेच्या दारात येऊन स्वतःच्या तोंडाने 'ऊठ' म्हणशील, तेव्हाच मी उठणार. दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही."